तिबेटी लोक आणि विरळ हवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंचावर ऑक्सिजन कमी असतो, म्हणजे नेमकं काय कमी असतं?

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण पुण्यात, ल्हासात आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर सारखंच असतं, सुमारे २०.९ टक्के. घटतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो ७६० मिलिमीटर पारा असतो. ल्हासात (३,६५० मीटर) तो ४९०च्या आसपास येतो आणि एव्हरेस्टवर २५०च्या जवळ.

याच्यात आणखी एक मेख आहे. श्वासनलिकेत शिरलेली हवा शरीर ओलसर करतं आणि त्या वाफेचा दाब ४७ मिलिमीटर असतो, मग तुम्ही कुठेही असा. तो आधी वजा करायचा आणि उरलेल्याचे २०.९ टक्के काढायचे, म्हणजे आत आलेल्या ऑक्सिजनचा दाब मिळतो. मुंबईत उत्तर येतं १४९, ल्हासात सुमारे ९३, एव्हरेस्टवर ४३. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच ठिकाण कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथेही हा आकडा १२०च्या घरात राहतो. म्हणजे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात कितीही भटकलं तरी खऱ्या विरळ हवेशी गाठ पडत नाही.

तिबेटचं पठार सरासरी ४,००० मीटरच्या वर आहे. तिथे माणसं नुसती जगत नाहीत, तर नांगरतात, मेंढ्यांमागे धावतात आणि पोरंबाळं वाढवतात.

सपाटीवरचा माणूस वर गेला की त्याचं शरीर काय करतं?

पहिल्या काही तासांत श्वास वाढतो आणि नाडी वाढते. जोरजोरात श्वास घेतल्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होतं. ते सावरायला मूत्रपिंडं पुढचे दोन-चार दिवस लघवीवाटे बायकार्बोनेट टाकतात. म्हणून लेहमध्ये पहिल्या रात्री तीनदा उठावं लागलं तर कुरकुरू नका, शरीर काम करतंय. त्याच काळात रक्तातलं पाणी कमी होऊन रक्त थोडं दाट होतं. काही तासांतच मूत्रपिंडांतून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक जास्त सुटू लागतं आणि काही आठवड्यांत तांबड्या पेशी खरोखरच वाढतात.

शेवटची पायरी सगळ्यांना शहाणपणाची वाटते: ऑक्सिजन कमी, तर तो वाहणारे हमाल वाढवा. तिबेटी शरीर नेमकी हीच पायरी जवळजवळ गाळतं.

म्हणजे तिबेटी लोकांचं हिमोग्लोबिन जास्त नसतं?

नसतं, आणि या विषयातला सर्वांत घट्ट बसलेला गैरसमज हाच आहे. मानववंशशास्त्रज्ञ सिंथिया बील यांनी ४,००० मीटरच्या आसपास राहणाऱ्या दोन समाजांची तुलना केली. तिबेटी पुरुषांचं सरासरी हिमोग्लोबिन १५.६ आणि स्त्रियांचं १४.२ भरलं (ग्रॅम, दर डेसिलिटरला). दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात राहणाऱ्या आयमारा लोकांचे आकडे होते १९.२ आणि १७.८. तिबेटी आकडा तुमच्या-आमच्या गावातल्या निरोगी माणसाच्या रिपोर्टवर शोभेल असा आहे. आयमारा पुरुषाचा रिपोर्ट इथल्या डॉक्टरांनी पाहिला तर ते तपासण्या लिहून देतील.

पण हिमोग्लोबिन जास्त असणं चांगलंच ना?

एका मर्यादेपर्यंत. तांबड्या पेशी वाढल्या की रक्त दाट होतं. दाट रक्त ढकलायला हृदयाला जास्त जोर लागतो, बारीक केशवाहिन्यांतून ते हळू सरकतं आणि गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. शेवटी ऑक्सिजन वाहायला हमाल भरपूर, पण रस्ता तुंबलेला, अशी गत होते.

ही गत टोकाला गेली की तिला दीर्घकालीन पर्वतीय विकार म्हणतात. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोन्हे यांनी १९२०च्या दशकात तो वर्णन केला, म्हणून त्याला मोन्हेचा आजारही म्हणतात. उंचावर कायम राहणाऱ्या पुरुषात हिमोग्लोबिन २१ आणि स्त्रीत १९ किंवा त्याहून जास्त झालं की त्याची शंका घेतात. डोकेदुखी, झोप न लागणं, ओठ-नखं जांभळी पडणं, धाप, हातापायांच्या शिरा फुगणं ही लक्षणं. खात्रीचा इलाज एकच, खाली उतरून राहणं. ते जमणार नसेल तर डॉक्टर अधूनमधून रक्त काढतात, पण तो तात्पुरता दिलासा. तिबेटमध्ये स्थायिक झालेल्या हान चिनी लोकांत हा आजार तिबेटींपेक्षा कितीतरी जास्त आढळतो.

एक बारकावा राहू नये. शेर्पांवरच्या (नेपाळमध्ये स्थिरावलेला मूळचा तिबेटी समाज) अलीकडच्या मोजमापात असं दिसलं की त्यांच्या शरीरातलं एकूण हिमोग्लोबिन काही फार कमी नसतं, मात्र रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, भरपूर असतो. त्यामुळे दर डेसिलिटरचा आकडा खाली दिसतो आणि रक्त वाहतं राहतं.

हिमोग्लोबिन साधारण आणि हवेत ऑक्सिजन कमी. मग पेशींना तो पुरतो कसा?

इथे कोणतीही एक जादू नाही. तीन-चार गोष्टी मिळून गाडा चालतो.

पहिली, श्वास. त्याच उंचीवर बसलेला आयमारा माणूस मिनिटाला साधारण साडेदहा लिटर हवा आत-बाहेर करतो, तिबेटी माणूस साधारण पंधरा. अँडीजच्या लोकांचा श्वास उंचीला सरावून मंदावतो, तिबेटींचा जन्मभर चढाच राहतो.

दुसरी, रक्तवाहिन्या. ४,२०० मीटरवरच्या तिबेटी लोकांच्या रक्तात नायट्रिक ऑक्साइडपासून बनणारे पदार्थ सपाटीवरच्या लोकांच्या दहापटीहून जास्त सापडले. २००७ साली हे प्रसिद्ध झालं. नायट्रिक ऑक्साइड वाहिन्या सैल करतो. त्याच अभ्यासात तिबेटींच्या हातातून वाहणारं रक्त दुपटीनं जास्त होतं. प्रत्येक वाटीत माल थोडा कमी, पण वाट्या दुप्पट वेगानं पोचतात.

तिसरी, फुप्फुसं. ऑक्सिजन कमी पडला की आपल्या फुप्फुसांतल्या धमन्या आवळतात. सपाटीवर ही सोय उपयोगी असते, कारण फुप्फुसाचा एखादा कोपरा बिघडला तर रक्त तिकडे न जाता चांगल्या भागाकडे वळतं. पण सगळी हवाच विरळ असेल तर सगळ्याच धमन्या आवळतात, दाब चढतो आणि फुप्फुसात पाणी झिरपू शकतं. तिबेटी लोकांत हे आवळणं खूपच सौम्य असतं.

चौथी, स्नायू. शेर्पांच्या स्नायूंत तंतू बारीक आणि त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट असतं. ऑक्सिजन जळतो त्या मायटोकॉन्ड्रिया संख्येनं कमी, पण काटकसरी असतात. चरबीपेक्षा साखर जाळण्याकडे त्यांचा कल असतो, कारण तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये साखरेतून थोडी जास्त ऊर्जा निघते.

तिबेटी माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर?

४,००० मीटरवर साधारण ८९ दिसेल, म्हणजे ८९ टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेलं. यालाच संपृक्तता म्हणतात. करोनाच्या काळात आपण ९४च्या खाली आकडा गेला की धावपळ करायचो. तिथे ८९वर माणूस याकच्या पाठीवर ओझं लादत असतो. गंमत म्हणजे त्याच उंचीवरच्या आयमारा लोकांचा आकडा थोडा जास्त, ९२च्या आसपास असतो. म्हणजे संपृक्तताही कमी, हिमोग्लोबिनही कमी, आणि तरी तब्येत चांगली. रक्तात ऑक्सिजन किती साठलाय, यापेक्षा तो पेशीपर्यंत किती वेगानं पोचतो याला महत्त्व आहे, ते असं.

यामागे जनुकं कोणती?

मुख्य दोन. नावं जीभ वळणार नाही अशी आहेत: ईपीएएस१ आणि ईजीएलएन१.

पेशीत ऑक्सिजन कमी झाल्याची वर्दी देणारी प्रथिनं असतात, त्यांना एचआयएफ म्हणतात. ऑक्सिजन पुरेसा असेल तेव्हा दुसरं एक प्रथिन त्यांच्यावर खूण करतं आणि पेशी त्यांची विल्हेवाट लावते. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, एचआयएफ साठतं आणि एरिथ्रोपोएटिनसकट शेकडो जनुकं जागी होतात. ही यंत्रणा उलगडणाऱ्या विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. ईपीएएस१ हे वर्दी देणाऱ्या एका प्रथिनाचं जनुक, तर ईजीएलएन१ हे खूण करणाऱ्याचं. तिबेटी लोकांत दोन्हीकडे बदल आहेत आणि त्यांचा एकत्रित परिणाम असा की कमी ऑक्सिजनला शरीराची बोंबाबोंब बेताची राहते.

२०१० साली तीन वेगवेगळ्या गटांनी जवळपास एकाच वेळी हे दाखवलं. त्यातल्या एका गटाने ५० तिबेटी आणि ४० हान लोकांची जनुकं ताडून पाहिली. ईपीएएस१मधला एक बदल तिबेटींत ८७ टक्के होता आणि हान लोकांत ९ टक्के. हे दोन समाज एरवी जनुकांनी एकमेकांच्या बरेच जवळचे आहेत, म्हणून एवढी तफावत योगायोगानं पडणं अवघड. ज्यांच्यात हा बदल होता त्यांची मुलं जगली आणि ज्यांच्यात नव्हता त्यांची कमी जगली, असं पिढ्यानपिढ्या घडलं तरच हा आकडा येतो.

हे जनुक डेनिसोव्हा मानवाकडून आलं, हे खरं का?

हो, आणि त्याचा पुरावा बळकट आहे. सैबेरियातल्या अल्ताई पर्वतात डेनिसोव्हा नावाची गुहा आहे. तिथे सापडलेल्या बोटाच्या हाडाच्या तुकड्यावरून २०१० साली एका नामशेष मानवगटाचा पत्ता लागला. २०१४ साली तिबेटींचा ईपीएएस१चा तुकडा त्या हाडातल्या तुकड्याशी ताडला गेला आणि तो इतर कुठल्याही मानवसमूहापेक्षा तिथे जास्त जुळला. आधुनिक मानव आणि डेनिसोव्हा यांचा संकर झाला, त्यातून हा तुकडा आला. सपाटीवर त्याला फारशी किंमत नव्हती. पुढे त्याचे वारसदार पठारावर चढले तेव्हा तो कामी आला.

म्हणून तिबेटी लोक 'अर्धे डेनिसोव्हा' ठरत नाहीत. त्यांच्या एकूण जनुकसंचात त्या मानवाचा वाटा अगदीच किरकोळ आहे, पापुआ न्यू गिनीतल्या लोकांपेक्षा कितीतरी कमी. हा एक तुकडा तेवढा टिकून राहिला.

डेनिसोव्हा स्वतः उंचावर राहत होते का, तर हो. चीनच्या गान्सू प्रांतात शियाहे इथे ३,२८० मीटरवर बैशिया गुहा आहे. तिथे १९८० साली एका बौद्ध भिक्षूला जबड्याचं हाड मिळालं होतं. ते किमान १,६०,००० वर्षांपूर्वीचं आहे आणि डेनिसोव्हाचं आहे, हे २०१९ साली प्रसिद्ध झालं. त्यात डीएनए शिल्लक नव्हता, दातातल्या प्रथिनांवरून ओळख पटली.

माणसं पठारावर किती वर्षांपासून आहेत?

उत्तर 'येणं' आणि 'राहणं' यात फरक केल्याशिवाय देता येत नाही. तिबेटातल्या न्वाया देवू इथे ४,६०० मीटरवर दगडी हत्यारं सापडली, ती ३०,००० ते ४०,००० वर्षांपूर्वीची. ती माणसं बहुधा शिकारीच्या मोसमात येऊन जाणारी असावीत. बारा महिने ३,००० मीटरच्या वर शेती करून राहणं हे साधारण ३,६०० वर्षांपूर्वीपासून वाढलं, आणि त्याचं श्रेय थंडी सोसणाऱ्या सातूला, म्हणजे बार्लीला, द्यावं लागतं. त्याआधीचं मुख्य पीक राळ्यासारखं बारीक भरडधान्य होतं आणि त्याला कडाक्याची थंडी मानवत नाही.

तिबेटी आणि हान फक्त तीन हजार वर्षांपूर्वी वेगळे झाले असा निष्कर्ष २०१०च्या एका शोधनिबंधात होता आणि तो अजूनही लेखांतून फिरतो. पुरातत्त्वाच्या पुराव्यांशी तो जुळत नाही, त्यामुळे तो उगाळू नये.

अँडीज आणि इथिओपियाचे लोकही असंच करतात का?

नाही. अँडीजचे लोक हिमोग्लोबिन वाढवतात. इथिओपियात ३,५०० मीटरवर राहणाऱ्या अम्हारा लोकांचं हिमोग्लोबिन साधारणच असतं आणि संपृक्तताही ९५च्या आसपास राहते. एकाच अडचणीवर निसर्गाने तीन वेगळे तोडगे काढले. त्यांतल्या सगळ्यात जुन्या वस्तीचा तोडगा सगळ्यात चांगला असेलच, असं मात्र गृहीत धरू नका.

गरोदरपणाचा याच्याशी काय संबंध?

सगळ्यात जवळचा. उत्क्रांतीची कात्री चालते ती इथेच.

उंची वाढते तसं बाळाचं वजन घटतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत मोजलं तेव्हा दर १,००० मीटरला सुमारे १०० ग्रॅम घट दिसली. तिबेटी मातांच्या बाळांत ही घट खूप कमी असते, कारण गरोदरपणात गर्भाशयाकडे जाणारं रक्त त्यांच्यात जास्त वाढतं. पातळ रक्ताचा फायदा इथेही होतो, कारण दाट रक्त वारेच्या बारीक वाहिन्यांतून नीट फिरत नाही.

ल्हासात जन्मलेल्या बाळांवर १९९५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चार महिन्यांच्या हान बाळांची झोपेतली संपृक्तता ७६ टक्क्यांपर्यंत उतरली होती, तिबेटी बाळांची ८६च्या आसपास होती. दहा अंकांचा हा फरक रोज रात्री, महिनोन्महिने.

बील यांच्याच २००४ सालच्या अभ्यासात ४,००० मीटरवरच्या तिबेटी स्त्रिया होत्या. ज्यांच्यात संपृक्तता जास्त ठेवणारी आनुवंशिकता असावी असं घराण्यांच्या मोजणीवरून दिसलं, त्यांची सरासरी ०.४८ मुलं दगावली होती. कमी संपृक्ततेच्या स्त्रियांची २.५३. निवड होते म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत आहे.

खाणंपिणं हे पण जुळवून घेणंच आहे का?

जनुकांइतकंच. रक्त कितीही शहाणं असलं तरी ४,००० मीटरवर भात शिजत नाही.

दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. ल्हासात पाणी ८८ अंशांवर उकळतं, ४,५०० मीटरवर ८५ अंशांवर. डाळ तासन् तास खळखळ उकळते आणि कच्चीच राहते. तांदूळ बाहेरून गिचका आणि आत कणीदार. सरपणही नाही, कारण पठाराच्या मोठ्या भागात झाडंच उगवत नाहीत. चूल पेटते ती याकच्या गोवऱ्यांवर.

यावरचा तोडगा म्हणजे धान्य आधीच भाजून ठेवायचं आणि खाताना शिजवायचंच नाही. तोच त्सांपा. आपल्याकडे सातूचं पीठ गूळपाण्यात कालवून खातात, त्याचंच हे चुलत भावंड. करायची रीत अशी:

सातू धुऊन ओलसर ठेवायचा, म्हणजे दाणा फुटताना करपत नाही. लोखंडी कढईत स्वच्छ बारीक वाळू कडकडीत तापवायची आणि सातू मूठमूठ टाकून भराभर हलवायचा. दाणे लाह्यांसारखे तडतडून पांढरे फुटले की लगेच चाळणीने वाळू वेगळी करायची. मग जात्यावर किंवा पाणचक्कीवर दळायचं. वाळू कमी तापली तर दाणा फुटत नाही, नुसता कडक होतो आणि पीठ कच्चट लागतं. जास्त तापली तर कडवटपणा येतो. कच्च्या सातूचं पीठ त्सांपा म्हणून चालत नाही, ते पोटात दुखवतं.

खाताना वाडग्यात थोडा लोण्याचा चहा ठेवायचा, वर पीठ घालायचं आणि एका हाताने वाडगा फिरवत दुसऱ्या हाताच्या बोटांनी मळायचं. नवख्याची चूक ठरलेली: चहा जास्त होतो आणि बोटांना खळ चिकटते. आधी चहा कमी घ्या, नंतर वाढवता येतो. हा गोळा पिशवीत टाकून दिवसभर मेंढ्यांमागे जाता येतं. पाणी नको, चूल नको.

मग प्रेशर कुकर नेला तर?

चालतो, आणि आता पठारावर घरोघरी आहेच. पण मुंबईइतका चालत नाही. शिट्टीचं वजन बाहेरच्या दाबावर साधारण एक वातावरणाची (म्हणजे समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाइतकी) भर घालतं. मुंबईत एकूण दोन वातावरणं होतात आणि आत १२० अंश मिळतात. लेहमध्ये बाहेरच पाऊण वातावरणाहून कमी, त्यामुळे आत ११५च्या आसपास. डाळीला घरच्यापेक्षा जास्त वेळ द्या आणि ती आदल्या रात्रीच भिजत घाला.

लोण्याचा चहा घरी करता येतो का?

येतो. एक लिटर पाण्यात दोन चमचे साधी चहापत्ती दहा मिनिटं उकळून गाळा. अर्धा कप दूध, दोन मोठे चमचे पांढरं लोणी आणि पाव चमचा मीठ घाला. पिवळं खारं बटर वापरत असाल तर मीठ टाकूच नका. तिबेटात हे डोंगमो नावाच्या लाकडी नळकांड्यात दांड्याने घुसळतात. घरी मिक्सर चालेल, पण भांडं अर्धंच भरा आणि झाकण फडक्याने दाबून धरा, कारण गरम चहाची वाफ झाकण उडवते. नीट घुसळलं नाही तर वर तुपाचा तवंग येतो. चहा समजून पिऊ नका, पातळ सूप समजून प्या, म्हणजे आवडेल.

याकचं दूध म्हणू नका, तिबेटी माणूस हसेल. याक म्हणजे नर. मादी ती ड्री. गायीशी संकर करून झालेली मादी झोमो, ती दूध जास्त देते आणि जरा खालच्या उंचीवरही तगते.

याकलाही उंचीचा त्रास होत नाही?

नाही. त्याच्या फुप्फुसातल्या धमन्यांच्या भिंती पातळ असतात आणि ऑक्सिजन घटला तरी त्या फारशा आवळत नाहीत. सपाटीवरची गाय वर नेली तर तिच्या छातीला सूज येऊन हृदय थकतं. तिबेटी मॅस्टिफ कुत्र्याची गोष्ट तर माणसासारखीच आहे. त्याच्यातही ईपीएएस१ जनुकात बदल आहे आणि तो पठारावरच्या लांडग्यांशी झालेल्या संकरातून आला.

अनेक भावांची एकच बायको, ही प्रथा विरळ हवेमुळेच पडली का?

हवेमुळे नाही, जमिनीमुळे. पिकाऊ जमीन कमी, ती भावाभावांत वाटली तर कुणाचंच भागत नाही. शिवाय एक भाऊ शेतावर, एक कळपाबरोबर, एक व्यापाराला, अशी घरात विभागणी होते. प्रथा सगळीकडे नव्हती आणि सगळ्या घरांत तर नव्हतीच.

शेर्पा म्हणजे तिबेटीच का?

मूळ तेच. पाच-सहाशे वर्षांपूर्वी पूर्व तिबेटातल्या खाम भागातून निघून ते नेपाळमधल्या सोलुखुंबूत स्थिरावले. 'शेर' म्हणजे पूर्व, 'पा' म्हणजे तिथले लोक. शेर्पा हे समाजाचं नाव आहे, हुद्दा नाही. 'तीन शेर्पा घेतले' असं ट्रेकच्या हिशेबात लिहिणं बरं नव्हे. ओझेवाल्याला ओझेवाला म्हणा.

त्यांच्यातल्या बाबू चिरी शेर्पांनी १९९९ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय २१ तास काढले.

म्हणजे तिबेटी माणसाला विरळ हवेचा त्रास होतच नाही?

होतो. ल्हासाचा कारकून एका दिवसात ५,००० मीटरच्या वर गेला तर त्याचंही डोकं ठणकू शकतं. दीर्घकालीन विकारही तिबेटींत आढळतो, फक्त कमी. बऱ्याच वर्षांनी खालून परतणाऱ्यानेही पहिल्या दिवशी धावपळ करू नये. जनुकं दार उघडं ठेवतात, रोजचा सराव तरी करावाच लागतो. थंडी, अपुरं पोषण आणि गोवऱ्यांचा धूर यांवर तर कुठल्याच जनुकाचा इलाज नाही.

लेहला किंवा कैलास-मानसरोवरला जायचंय. तिबेटींकडून काय शिकता येईल?

शरीराचं काहीच नाही. त्यांचं रक्त उसनं मिळत नाही, आणि लोण्याचा चहा प्यायल्याने प्लाझ्मा त्यांच्यासारखा होत नाही. शिकायचं ते सावकाशपण.

भारतीय सैन्याने हा धडा फार महाग शिकला. १९६२च्या युद्धाच्या काळात सपाटीवरचे जवान विमानांनी थेट उंचावर उतरवले गेले. त्यातून आजारी पडलेल्या १,९२५ जवानांच्या नोंदींवरचा शोधनिबंध १९६९ साली प्रसिद्ध झाला आणि तो जगभर अजून वाचला जातो. आज सैन्याची रीत टप्प्यांची आहे: ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, तिथून १५,००० फुटांपर्यंत चार दिवस आणि त्याच्या वर आणखी चार.

तुम्हाला चौदा दिवस नसतील तर किमान एवढं. विमानाने लेहला उतरलात तर पहिले दोन दिवस हॉटेल आणि बाजार, बस्स. खारदुंगला खिंड किंवा पँगाँग तलाव तिसऱ्या दिवसानंतर. (खारदुंगच्या पाटीवर बरीच वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, प्रत्यक्ष मोजणी ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते. फोटोत पाटी मोठी दिसते, फुप्फुसाला उंची खरी तेवढीच लागते.) ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबा. दिवसा उंच चढून रात्री खाली झोपणं चालतं, उलट नको. कैलास परिक्रमेतली डोलमा ला ही खिंड सुमारे ५,६३० मीटरवर आहे, तिथे पोचण्याआधी अंगाला ४,५०० मीटरची सवय हवीच.

ॲसिटाझोलामाइड ही गोळी बहुतेकांना १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून दिली जाते. ती मूत्रपिंडांकडून बायकार्बोनेट लवकर टाकून घेते, म्हणजे शरीर दोन-चार दिवसांत जे करणार ते आधी सुरू करते. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि दोन लक्षणं दिसली की वर थांबायचं नाही, लगेच खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागून खोकल्यात फेस येणं म्हणजे फुप्फुसात पाणी. सरळ रेषेत चालता न येणं, बोलणं भरकटणं म्हणजे मेंदूला सूज. रात्र असली तरी माणसाला खाली न्या, सकाळची वाट पाहू नका.

सिंहगड रोज चढला तर लेहला फायदा होतो का? आणि कापूर हुंगल्याने?

सिंहगडाने पायांना आणि दमाला फायदा होतो, विरळ हवेला नाही. उलट तब्येतीचे तगडे लोक पहिल्याच दिवशी जोरात चढतात आणि तेच आधी आजारी पडतात. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन एका अंकानेही वाढत नाही. ऑक्सिमीटर लावून बघा.

खाली येऊन राहणाऱ्या तिबेटींचं काय होतं?

भारतात अशी मोठी वस्ती आहे. कर्नाटकात बायलाकुप्पे आणि मुंडगोड, आणि आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं नोर्ग्येलिंग, १९७२ साली वसवलेलं. नोर्ग्येलिंगची उंची पठाराच्या दहाव्या भागाइतकीही नाही. विदर्भातला मे महिना हीच तिथली खरी परीक्षा.

जनुकं मात्र खाली येऊनही कामावर असतात. समुद्रसपाटीला राहणाऱ्या तिबेटी लोकांवरच्या २०१४ सालच्या अभ्यासात त्यांचं हिमोग्लोबिन हान चिनी लोकांपेक्षा किंचित कमी भरलं, आणि मुद्दाम कमी ऑक्सिजनची हवा दिल्यावर फुप्फुसांच्या धमन्यांचं आवळणंही सौम्य होतं. याचा हानिकारक परिणाम आढळलेला नाही. अशा तिबेटी रुग्णाचं हिमोग्लोबिन ठरलेल्या मर्यादेच्या काठावर आलं तर 'जन्मजातच कमी' म्हणून सोडून देऊ नये. लोह कमी आहे का ते फेरिटिनवरून (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) आधी बघावं, कारण ॲनिमिया तिबेटी स्त्रियांनाही इतरांसारखाच होतो.